केटीची खुर्ची

व्हिगो राउन छताला टांगायच्या पितळी दिव्यांचे नमुने काढायचा. "माझा दिवा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही," ही त्याची जन्मभराची फुशारकी. स्वेन्बोर्गच्या घरात जेवणाच्या टेबलावरचा दिवा त्यानं आपल्या खुर्चीत बसून, उंची जोखून टांगला होता.

त्याची बुटकी बायको केटी गेली. दफन उरकून पाहुणे कॉफीला घरी आले. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून तो पहिल्यांदाच केटीच्या खुर्चीत बसला. ती खुर्ची बुटकी, तिच्या मापाची. तिथून शेडच्या आतला बल्ब थेट डोळ्यांत घुसला. व्हिगोला रडू आलं नाही, काहीच वाटलं नाही.

"आई मान खाली घालून का जेवायची, कळलं ना बाबा?" मुलगी बिर्ते म्हणाली.

"बत्तीस वर्षं बोलली का नाही मग?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

व्हिगो मान खाली घालून केक खात राहिला.