चौकटीवरचा फिकट पट्टा

समोरच्या रिबेकामावशींच्या दाराची चौकट आज बोडकी दिसली. उजव्या अंगाला तिरकी ठोकलेली बोटभर पितळी डबी जाऊन तिथे फिकट पट्टा आणि खिळ्यांची दोन भोकं उरली होती. त्या डबीत त्यांच्या ज्यू धर्मातली प्रार्थना असते. येता-जाता मावशी तिला बोटं टेकवून ओठांना लावायच्या.

"परदेशात आमच्या प्रार्थनाघरावर गोळ्या झाडल्या ना," त्या म्हणाल्या. "लेकीचा फोन आला, काढून ठेव म्हणून."

"बरं केलंत," शेजारचे काका अगदी मायेनं म्हणाले.

मला त्या मायेचीच धास्ती वाटली. कोकणात ही माणसं शतकानुशतकं सुखानं नांदली, हे आपण केवढ्या अभिमानानं सांगतो! तिकडे युरोपात यांची घरं हेरून माणसं ओढून नेली, तेव्हाही समोरच्या दारांत शेजारी उभे असणारच. सगळेच काही दुष्ट नसतील. 'जपून राहा हं' असं म्हणून हळूच दार लोटून घेणारेही असतील. "डबी परत लावा, आम्ही आहोत," एवढं म्हणायला छाती लागते. ती माझ्यापाशीही नव्हती.

संध्याकाळी मावशी भाजी घेऊन आल्या. सवयीनं त्यांचा हात चौकटीकडे गेला आणि भोकांपाशी थबकला. मी बघतोय हे त्यांना दिसलं, तसा तो हात घाईनं खाली सरकला आणि त्यांनी स्वतःच्याच दाराची बेल दाबली.

आत बेल वाजत राहिली. मावशी एकट्याच राहतात.