भाऊजींचा नंबर

घर बंद करून बाहेर पडताना माझे थोरले दीर मेन स्विच पाडायचे. आधी गॅस, मग नळ, मग जिन्याखालचा मेन. खटका खाली आला की ‘पाडला!’ असं मोठ्यानं म्हणायचे आणि मगच चपला घालायचे. मालेगावला नोकरीत असताना त्यांनी शॉर्ट सर्किटनं जळून गेलेली मागांची एक शेड पाहिली होती, ती त्यांच्या डोक्यातून कधी उतरलीच नाही. आमचं घर दोन मजली होतं. खाली ते आणि जाऊबाई, वर आम्ही. चुली दोन, पण मीटर एक आणि मेनही एकच, आणि त्या मेनवर भाऊजींचं राज्य.

त्याच मेनवर वरच्या मजल्यावर माझा समुद्र चालायचा. माहेर माझं नांदगावचं, जिथे उन्हाळ्यात टँकर आला की भांडणं व्हायची. लग्नानंतर मी कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागले. क्षार मोजणं, पाण्याची घनता बघणं हे रोजचंच काम, म्हणून नाशकात बसून समुद्राचं पाणी करायचं वेड मला परवडलं. मीठ मुंबईहून यायचं, मासेही तिकडूनच, हवा भरलेल्या पिशवीतून, थर्मोकोलच्या खोक्यात, एसटीनं. बरेच मेले, मग शिकले. शेवटी क्लाउनफिशची एक जोडी टिकली. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे आणि स्वभाव माझ्यासारखा तापट. काचेच्या टँकमध्ये हात घातला की मादी चावायला यायची. मला ती फार आवडायची.

साध्या पाण्यातले मासे वीज गेली तरी दिवस काढतात. खाऱ्या पाण्यात हवा कमी विरघळते, त्यात उन्हाळा. पंप बंद पडला की काही तासांतच त्यांचा जीव घुसमटतो. हे मी जाऊबाईंना समजावून सांगितलं होतं. भाऊजींना थेट नाही, कारण आमच्याकडे धाकटी भावजय आणि थोरला दीर समोरासमोर बोलत नसत. बंदी अशी कोणी घातली नव्हती, पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून जाऊबाई मध्ये उभ्या राहायच्या. त्यांना सांगायचं, त्या तिकडे वळून तेच पुन्हा सांगायच्या, उत्तर तसंच परत यायचं. सगळे एकाच खोलीत असले तरी.

माझ्या भाच्याचं लग्न नांदगावला होतं. मी आणि नवरा आदल्या दिवशी निघालो, भाऊजी-जाऊबाई लग्नाच्या दिवशी येणार होते. निघताना मी जाऊबाईंना म्हटलं, ‘ताई, भाऊजींना सांगा, उद्या निघताना मेन पाडू नका.’ त्यांनी सांगितलं. भाऊजी पेपरातून मान वर न करता म्हणाले, ‘बरं.’

लग्न उरकून परत आलो तर वास जिन्यातच लागला. टँकचं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. मादी तळाला आडवी पडली होती, नर पंपाच्या तोंडाशी. बहुधा हवा शोधत तिथवर गेला असावा. मी खाली बसले आणि हुंदके देऊन रडले, दोन माशांसाठी, चाळिशी जवळ आलेली बाई. भाऊजी जिना चढून आले, दारातूनच बघितलं आणि माझ्यादेखत जाऊबाईंना म्हणाले, ‘मासेच तर होते. तिला म्हणावं, दुसरे आण.’ त्या रात्री खाली सगळे एकत्र जेवायला बसलो, तेव्हा आणखी म्हणाले, ‘आज काय, बोंबील केलेत का?’ आणि स्वतःच हसले.

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं ते फिरलंच. चूक झाली असं एक अक्षर नाही. विसरलो असंही नाही. माझ्या जिवापाड जपलेल्या गोष्टीचा खटका त्यांच्या हातात, आणि तो पाडून ते जेवायला बसणार. त्याच ताटावर मी ठरवलं, या माणसाला मी पळायला लावणार.

नवरा एकलहऱ्याला वीज केंद्रात होता. अख्ख्या महाराष्ट्राला वीज पुरवणारा माणूस घरातल्या एका खटक्यापुढे हात जोडून उभा. ‘जाऊ दे ना,’ म्हणाला, ‘दादा मुद्दाम थोडंच करतो.’ मी वेगळं मीटर मागितलं. खालून निरोप आला, वेगळं मीटर म्हणजे घर फुटल्याची दवंडी. सगळ्यांनी मला इन्व्हर्टर घ्यायला सांगितलं. इन्व्हर्टरनं पुढचे मासे वाचले असते हे मला कळत होतं. पण मला नुसते मासे वाचवायचे नव्हते. मला भाऊजींची फजिती बघायची होती.

मग मी कंट्रोलर शोधायला लागले. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत बसून परदेशी लोकांचे टँक पाहिले. त्यांच्याकडे एक यंत्र पाण्याचं तापमान बघतं, दिवे लावतं, हीटर बंद करतं आणि काही बिघडलं तर मालकाला ई-मेल पाठवतं. यंत्र सुरेख होतं, पण चालणार अमेरिकेच्या विजेवर, आणि भाऊजींना ई-मेल पाठवून काय उपयोग? ते पोस्टकार्डालासुद्धा उत्तर देत नसत. मेन रोडवर साधे टायमर मिळायचे. ते दिवे लावत, तक्रार करत नसत. मला तक्रार करणारं यंत्र हवं होतं.

ते मला द्राक्षवाल्यांकडे सापडलं. आमच्याकडे द्राक्षं कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवतात, आणि तिथे थंडावा कमी झाला की कंट्रोलर मालकाला फोन लावतो, हे कॉलेजातल्या एका बागायतदाराच्या बायकोकडून कळलं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एक जण असे कंट्रोलरचे पॅनल बनवायचा. त्यानं वही पुढे ओढून विचारलं, ‘माल किती टन?’

‘दोन मासे,’ मी म्हटलं. तोवर दुसरी जोडी आणली होती.

तो आधी हसला, मग मी हसत नाही हे पाहून कामाला लागला. त्यानं सगळं दाखवलं. तापमानाचा सेन्सर, हीटरची आणि दिव्यांची रिले, वीज गेली तर आतल्या बॅटरीवर जिवंत राहणारा डायलर. तो लँडलाइनवरून फोन लावतो आणि रेकॉर्ड केलेला निरोप ऐकवतो. त्याच्याकडे दोन तऱ्हा होत्या. एकीत फोन घेणाऱ्यानं मोबाइलचं एक बटण दाबलं की कटकट थांबते. दुसरीत थांबवायचं बटण फक्त पॅनलवर. तोवर यंत्र थोड्या थोड्या वेळानं फोन करतच राहतं.

‘ही दुसरी कशाला करता?’ मी विचारलं.

‘मॅडम, पहिलीत वॉचमन बटण दाबतो आन् झोपतो. माल नासतो. दुसरीत उठून जावंच लागतं.’

‘हीच द्या,’ मी म्हटलं. इतकं पटकन मी आयुष्यात साडीसुद्धा पसंत केलेली नाही.

मी त्याला हवेचा छोटा पंपही त्याच बॅटरीवर जोडायला सांगितला. वीज गेली तरी माझे मासे काही तास तगणार होते. ही सोय मी घरात कोणालाच सांगितली नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. शेवटी पॅनलवाल्यानं विचारलं, ‘मालकाचा नंबर?’ मी भाऊजींचा मोबाइल नंबर दिला.

निरोप माझ्याच आवाजात रेकॉर्ड केला. पहिल्यांदा राग ऐकू आला, म्हणून पुसला. पुन्हा केला, पुन्हा पुसला. शेवटी आवाज हवा तसा साखरेत घोळून निघाला: ‘भाऊजी, घरातली वीज बंद आहे. लवकर घरी या.’ इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांच्याशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य.

लोडशेडिंगचे ते दिवस. रोज दुपारी वीज जायची, मी कॉलेजात असायची, आणि खाली जेवून आडवे झालेले भाऊजी माझ्या आवाजानं उठायचे. बटण वरच्या मजल्यावर. धोतर सावरत जिना चढायचे, बटण दाबायचे, उतरायचे. जाऊबाईंमार्फत निरोप आला, ‘यंत्राला जरा दम धरायला लाव म्हणावं.’ वीज गेल्यावर थोडं थांबून फोन करायची सोय पॅनलमध्ये होती. मी ती वापरली नाही. ‘भाऊजींना सांगा, ते कंपनीचं सेटिंग आहे,’ असं मी जाऊबाईंना धडधडीत खोटं सांगितलं आणि मला रात्री छान झोप लागली.

पण खरं समाधान मिळालं ते साखरपुड्याच्या दिवशी. मालेगावकडच्या एका घरात भाऊजी मध्यस्थ होते. दोन्ही बाजूंचे फोन त्यांच्यावर, त्यामुळे मोबाइल बंद ठेवायची सोय नाही. निघताना त्यांनी डोकं चालवलं. मेन पाडला की वरचं यंत्रही पडेल आणि दिवसभर शांतता मिळेल असा त्यांचा हिशेब. जाऊबाई सांगत होत्या, त्या दिवशी ‘पाडला!’ म्हणताना त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. म्हणजे माशांचं काय होईल हे माहीत असून पाडला. मला हे कळलं तेव्हा उरलीसुरली दयाही गेली.

गल्ली ओलांडायच्या आत पहिला फोन गेला, पण गाडीची वेळ झाली म्हणून भाऊजी माघारी फिरले नाहीत. मग दुसरा. साखरपुड्याच्या बैठकीत, देण्याघेण्याचं बोलणं ऐन रंगात आलेलं असताना, त्यांच्या खिशातला फोन वाजला आणि कानाला लावताच शेजारच्यांनाही ऐकू जाईल असा माझा गोड आवाज. त्यांनी फोन उचलून बघितला, कापून बघितला, उशीखाली दाबून बघितला. मुलाकडच्या लोकांनी एकमेकांकडे बघायला सुरुवात केली. ही कोण बाई इतक्या लाडानं घरी बोलावतेय? शेवटी एक म्हातारा म्हणाला, ‘भाऊ, बाई बलाई ऱ्हायनी शे, घर जा ना!’ आणि सगळी बैठक खो खो हसली. भाऊजी न जेवता उठले आणि मिळेल त्या गाडीनं नाशिकला आले.

ते मेन पाडणार हा अंदाज मला होताच, म्हणून मी मुद्दाम लवकर घरी येऊन खिडकीत बसले होते. पंप बॅटरीवर चालू होता, मासे मजेत. भाऊजी कोपऱ्यावरून जवळजवळ पळत आले, घामानं निथळत, आणि मेन वर केला. ‘पाडला’ म्हणतात तसा वर करताना म्हणायला त्यांच्याकडे काही शब्द नव्हता. मी पडद्याआड तोंड दाबून हसले. मला जराही वाईट वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही.

त्यानंतर मेन पडला नाही. पण मी नंबरही काढला नाही. सूड एका जेवणावर भागवायचा म्हणजे काय? लोडशेडिंग होतंच. भाऊजी जिना चढत राहिले. जाऊबाई म्हणाल्या, हल्ली वर गेले की लवकर येत नाहीत, टँकसमोर उभे असतात. मी म्हटलं, दम लागत असेल.

पुढच्या उन्हाळ्यात परीक्षा चालू होत्या. मी वर्गावर होते, मोबाइल बाहेर जमा केलेला. आमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. रोजच्या लोडशेडिंगनं कंट्रोलरची बॅटरी आधीच दमली होती, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिनं फोन तेवढे लावले आणि हवेचा पंप मात्र थोड्याच वेळात बंद पडला. भाऊजी पंचवटीत एका मुंजीला गेले होते, पंगतीत बसलेले.

मी संध्याकाळी घरी पोहोचले तेव्हा गल्लीत अजून वीज नव्हती. धावतच वर गेले. टँकसमोर भाऊजी स्टुलावर उभे होते, मुंजीच्या कपड्यांत. हातातला तांब्या टँकमध्ये बुडवायचे, उंच धरायचे आणि धार सोडायचे, फेस येईल अशी. पुन्हा बुडवायचे. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, अंगावर मिठाचे पांढरे डाग. पॅनलचं बटण त्यांनी आल्या आल्याच दाबलं होतं. दाबून परत पंगतीला जाता आलं असतं. ते दुपारपासून तिथेच होते. मादी वर येऊन तांब्यालाच चावत होती.

मला आनंद व्हायच्या आधी राग आला. म्हणजे याला कळत होतं. याला जमत होतं. मग तेव्हा का नाही? माझी ती पहिली जोडी काय कमी धडपडली असेल? मी तांब्या त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावला.

जाऊबाई चहा ठेवायला खाली गेल्या होत्या. मध्ये कोणी नव्हतं. भाऊजी स्टुलावरून उतरले, हात धोतराला पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, ‘आता तरी माझा नंबर काढ बाई.’

‘काढते,’ मी म्हटलं.

ते खाली गेले. वीज आल्यावर मी नवी बॅटरी आणून बसवली आणि पॅनल उघडलं. नवऱ्याचा नंबर घालता आला असता, पण तो शिफ्टवरून कधीच आला नसता. माझा फोन वर्गाबाहेर. त्या घरात जेवणाच्या पानावरून उठून पळत येणारा माणूस एकच होता, आणि मला तो मिळाला होता तो असा, सूड उगवता उगवता. मी भाऊजींचा नंबर तसाच ठेवला. फक्त एका फोननंतर दुसरा लागेपर्यंतचा वेळ आणखी कमी केला.