उपासाच्या दिवशीची गोळी

डॉ. शकुंतला म्हस्के यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या ओरडत होत्या. जालन्यातल्या त्यांच्या दवाखान्यात साहाय्यक म्हणून रुजू व्हायला मी आलो होतो, हातात पेढ्यांचा पुडा होता. आत एक पेशंट बाई तपासायच्या टेबलावर पडलेल्या आणि त्यांचे यजमान शेजारी उभे राहून सगळी उत्तरं देत होते. कुठं दुखतं, कधीपासून, भूक लागते का, सगळं तेच सांगत होते. "पोट कुणाचं दुखतंय? तुमचं की यांचं?" डॉक्टरबाईंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "मग तुम्ही बाहेर बसा." यजमान बाहेर गेले आणि बाई माझ्याकडं वळल्या. "तुम्ही कोण, नातेवाईक?" नवा डॉक्टर, मी म्हणालो. "मग तो पुडा खाली ठेवा आणि यांना कालचा दिवस विचारा."

कालचा दिवस विचारणं ही बाईंची पद्धत. उठल्यापासून झोपेपर्यंत काल काय केलं, काय खाल्लं, किती पाणी प्यायलात, कुणाशी भांडलात, हे पेशंटनं स्वतः सांगायचं. मध्ये कुणी बोलायचं नाही. या पद्धतीमुळं ओपीडी दुपारी संपायची ती दिवेलागणीला संपायची आणि बाहेरची माणसं कुरकुरायची. बाईंनी ती कुरकुर कधी मनावर घेतली नाही.

आता या गौरवग्रंथाच्या समितीनं मला निरोप दिला, की लेखात बाईंच्या शांत, मायाळू स्वभावाविषयी लिहा. शांत? ज्या बाईंनी आयुष्यभर आपल्या सगळ्यांवर ओरडून आपली माणसं जगवली, त्यांना पंच्याहत्तरी आली म्हणून शाल पांघरून शांत करायचं, हे मला मान्य नाही. मायाळू त्या आहेतच. घनसावंगीच्या एका शिक्षिकेच्या आजारपणात त्यांनी तिची तान्ही लेक स्वतःच्या घरी सांभाळली, हे कितीजणांना ठाऊक आहे? पण त्यांची माया रागातून येते, आणि तो राग खरा होता. तो मला इथं लिहून ठेवायचा आहे, कारण माझाही राग अजून गेलेला नाही.

कुंभार पिंपळगावच्या सत्यभामाबाईंचं उदाहरण देतो. त्यांच्या परवानगीनं देतो. वर्षभर त्यांना थकवा होता, पोटात वरच्या बाजूला जड वाटायचं. वर्षभर त्यांना ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या. रक्त कमी निघालं तेव्हा रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या. मोठ्या शहरात दुर्बिणीतून तपासणी झाली, तुकडा काढला, रिपोर्ट चांगला आला. "टेन्शन घेता तुम्ही," असं सांगून त्यांना घरी पाठवलं. बाईमाणसाच्या पोटदुखीवर आपल्याकडं हे हुकमी औषध आहे!

बाईंनी कालचा दिवस विचारला आणि त्यात शौचाचा रंग विचारला. काळा, डांबरासारखा. आधीच्या डॉक्टरांनी म्हणे सांगितलं होतं, रक्तवाढीच्या गोळ्यांनी तसं होतंच. ते खरंही आहे. बाईंनी एकच प्रश्न पुढं विचारला, "गोळ्या सुरू व्हायच्या आधी रंग कसा होता?" सत्यभामाबाई म्हणाल्या, "आधीपासून तसाच व्हता की. पण कुनी इचारलंच न्हाई." बाईंनी हातातलं पेन टेबलावर आपटलं. "शौचाचा रंग विचारायला लाज वाटते आम्हाला. पोट कापायला नाही वाटत!"

तो पोटाचा दुर्मिळ कॅन्सर होता, जिस्ट म्हणतात त्याला. नेहमीचा कॅन्सर जठराच्या आतल्या अस्तरातून उठतो, हा अस्तराच्या खाली, भिंतीच्या स्नायूंच्या थरात वाढतो. दुर्बिणीच्या चिमट्यात येतं ते वरचं अस्तर, आणि ते चांगलंच असतं. ओल भिंतीच्या आत असताना वरचा रंग खरवडून पाहावा, तसं ते झालं होतं. बाईंनी शहरातल्या तज्ज्ञांना फोन करून, भांडून, सुईनं आतला तुकडा काढायला लावला आणि त्यावर खास तपासणी करायला लावली. निदान झालं.

गाठ मोठी होती आणि अवघड जागी होती. लगेच ऑपरेशन केलं असतं तर सगळं जठर काढावं लागलं असतं, आणि मग उरलेलं आयुष्य चार-चार घासांवर. म्हणून आधी काही महिने रोज एक गोळी द्यायची, गाठ आकसली की तेवढाच भाग काढायचा, असं ठरलं. या कॅन्सरवर ही गोळी चांगली चालते. चालायला हवी होती. पण पुढच्या स्कॅनमध्ये गाठ तसूभर कमी झालेली नव्हती, उलट थोडी वाढली होती. गोळी लागू पडत नाही, आता सगळं जठर काढू, असं शहरातून कळवलं. गोळ्या नियमित घेता ना, हे त्यांना सगळ्यांनी विचारलं होतं. त्या हो म्हणाल्या होत्या, आणि त्या खोटं बोलणाऱ्या नव्हेत.

बाई म्हणाल्या, "गोळी लागू पडली नाही, की पोटात गेली नाही?" यजमान नारायणरावांना त्यांनी बाहेर बसवलं आणि सत्यभामाबाईंना कालचा दिवस विचारला. तो मंगळवार होता.

"काल सोमवार व्हता ना बाई. उपास व्हता."

"मग गोळी?"

"जेवलेच न्हाई तर गोळी कशी घेऊ? तुमीच म्हणल्ता, जेवल्याबिगर बिलकुल घ्यायची न्हाई."

सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. बायको बरी व्हावी म्हणून नारायणराव जांब समर्थच्या देवळात नवस बोलून आले होते, त्यात शनिवार वाढला होता. दुखणं वाढलं की उपास वाढायचे, उपास वाढले की गोळ्या सुटायच्या, गोळ्या सुटल्या की दुखणं वाढायचं. राहिलेल्या गोळ्या त्यांनी देवघरात जपून ठेवल्या होत्या. महागाच्या म्हणून.

सत्यभामाबाई घाबरून गेल्या होत्या. त्यांच्यावर बाई एका अक्षरानंही रागावल्या नाहीत. त्या सांगितल्याबरहुकूमच वागल्या होत्या. बाई उठल्या, दार उघडलं आणि नारायणरावांना आत बोलावलं.

"नवस कुणी बोलला?"

"मीच की. तिच्यासाठीच करून राह्यलो ना बाई."

"करून राह्यले कुठं? नवस तुम्ही बोललात, उपाशी ती बसते! आजारी माणसाला उपाशी ठेवून देव कधी पावला? तुम्हाला एवढीच काळजी असेल तर उद्यापासून सगळे उपास तुम्ही धरा. आणि ती जेवेल."

नारायणराव खाली मान घालून म्हणाले, "मंग देवाला चालंल ना?"

"देवाला चालेल. मला तर पळेल."

नारायणरावांनी खरोखर उपास धरले, सगळे, शनिवारसकट. सत्यभामाबाई रोज जेवल्या आणि रोज गोळी घेतली. गाठ आकसली. ऑपरेशनमध्ये जठराचा एक भाग गेला, बाकीचं राहिलं. आज त्या ठेचा-भाकरी खातात, बाई नको म्हणतात तरी. माझा राग मात्र तसाच आहे. रोज घेता का, हे विचारणारे आपण सगळे शिकलेलो. आपल्या घरातल्या बायका आठवड्यातले कोणते दिवस जेवत नाहीत, हे आपल्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मागच्या महिन्यात सत्यभामाबाई तपासणीला आल्या, सोबत डबा. दुपार टळून गेली होती. दवाखान्यातल्या सिस्टर त्यांना सहज म्हणाल्या, की बाईंची बीपीची गोळी सकाळपासून टेबलावर तशीच पडली आहे, कारण ती जेवणानंतरची आणि बाईंना जेवायला फुरसत नाही. सत्यभामाबाईंनी डबा टेबलावर ठेवला, आमच्याकडं वळून "तुमी समदे भाहेर व्हा" म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं. आतून त्यांचा आवाज आला, "बाई, आता कालचा दिवस सांगा."

मग डबा उघडल्याचा आवाज आला.

बाई, तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, असं या पानावर लिहिण्याची रीत आहे. पण ते लिहिण्यानं लाभत नाही, तुमच्यासाठी कुणी उपास धरल्यानंही नाही. तेव्हा वेळेवर जेवा, गोळी घ्या, आणि अजून पुष्कळ वर्षं आमच्यावर ओरडा. अजून आम्ही सुधारलेलो नाही.