नाथाजीची पडशी

समजा, तुमच्यापुढं एक राजदूत मोटारसायकल उभी आहे. हातात पडशी आहे. जुन्या तंबूच्या जाड कापडाची, दोन टोकांना दोन पिशव्या आणि मधे रुंद पट्टा. एकेका पिशवीत काचेच्या पंधरा पंधरा बाटल्या. जायचंय मिरजेवरून कवठे महांकाळच्या बाजूला, म्हणजे थोडा रस्ता डांबराचा आणि बाकीचा नशिबाचा. पडशी सीटवर टाका, दोन्हीकडं सारखी लोंबू द्या आणि बांधा. पण कुठं बांधाल? पट्टा खालून कुठं अडकवाल? घाई करू नका. सतरा वर्षं ओझी बांधण्यात घालवलेला माणूससुद्धा पहिल्या खेपेला इथंच चुकला होता.

त्या माणसाचं नाव नाथाजी निकम. गाव बोरमळा, कवठ्याच्या अलीकडं आडरस्त्यावर. सैन्यातून निवृत्त होऊन त्यानं कुपवाडच्या एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी धरली होती आणि तो तिथंच राहत होता. सैन्यात असताना तो खेचर कंपनीत होता. हिमालयात जिथं ट्रक जात नाही तिथं पीठ, रॉकेल, दारूगोळा खेचरांच्या पाठीवरून न्यायचा. सतरा वर्षांत त्यानं एक गोळी झाडली नव्हती आणि एक ओझं दरीत पडू दिलं नव्हतं. यातल्या दुसऱ्या गोष्टीचं गावाला काही नव्हतं. पहिलीचं मात्र फार होतं.

त्याच फाटकावर दुसऱ्या पाळीला त्याच्याच गावचा हंबीरराव होता. तो पायदळातला, पासष्टच्या लढाईत लढलेला. पाळी बदलताना रोज त्याची एक ठरलेली फैर व्हायची.

"आमी बंदूक धरली, आन् ह्यानं शेपूट धरलं. दोगंबी माजी सैनिक!"

कामगार हसायचे. नाथाजीही हसायचा. पण घरी गेल्यावर जेवताना दोन घास कमी खायचा, हे फक्त साळूबाईला, त्याच्या बायकोला माहीत होतं.

शहात्तर सालच्या मे महिन्यात एका सकाळी जनावरांच्या दवाखान्यातला स्टॉकमन मधुकर आपली राजदूत ढकलत फाटकाशी आला. गावोगाव फिरून जनावरांना टोचणं हे त्याचं काम. पोरगा सांगलीचा, शिकलेला, सरळ. आत ज्ञानू वेल्डरकडून त्याला गाडीचं तुटलेलं कॅरियर जोडून घ्यायचं होतं. चेहरा पार उतरलेला.

"काय झालं, सायेब?" नाथाजीनं विचारलं.

मधुकरनं सांगितलं ते असं. घटसर्पाची लस काचेच्या बाटल्यांतून येते, बर्फात ठेवावी लागते. ती पावसाच्या आत टोचली तर उपयोग. दवाखान्याची जीप महिनाभर दुरुस्तीत. आडगावांना एसटी नाही. त्यानं दोनदा खोकं कॅरियरला बांधून नेलं, दोन्ही वेळा निम्म्या बाटल्या फुटल्या, दुसऱ्या वेळी कॅरियरही तुटलं. आता कवठ्याच्या त्या कोपऱ्यासाठी तीस बाटल्या उरल्या होत्या. एका बाटलीत वीस जनावरं. पुढचा साठा पावसानंतर.

"बोरमळा त्यातच येतं का?"

"बोरमळ्यातच तर सुरुवात आहे. गेल्या वर्षी तिथं अकरा जनावरं गेली. पण मी काही आता नेणार नाही, नाथाजीराव. बाटल्या परत करतो. ज्याच्याकडं जीप आहे त्यानं न्याव्यात."

हंबीरराव जवळच उभा होता. गेल्या पावसाळ्यात त्याचा पांढरा बैल घटसर्पानं एका दिवसात गेला होता. संध्याकाळी गळा सुजला, सकाळी गोठा रिकामा. यंदा त्यानं नवी जोडी आणली होती. ऐकता ऐकता तो दोन पावलं पुढं आला.

नाथाजी बोलून गेला, "परत करू नका. मी बांधून देतो."

"तुम्ही मोटारसायकलवर कधी..."

"न्हाई. पन वझं बांधलंया."

मधुकर विचार करून म्हणाला, "आधी रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून देतो. त्या मिरजेला जाऊन धड परत आल्या, तर गुरुवारी लस न्यायची. नाही तर परत."

त्या रात्री साळूबाईनं ट्रंकेच्या तळाचं तंबूचं कापड काढलं आणि पडशी शिवली. दुसऱ्या दिवशी नाथाजीनं ती राजदूतवर चढवली, अगदी खेचरावर चढवावी तशी. दोन्ही पिशव्या दोन हातांत तोलून सारख्या केल्या. पट्टा सीटवर आडवा टाकला. मग खेचराच्या पोटाखालून तंग घेतात तसा एक पट्टा खालून घेतला, मागचं चाक धरणाऱ्या लोखंडी दांड्याला वेढा दिला आणि दात आवळून ओढला. पिशवी हलवून पाहिली. दगडासारखी घट्ट.

मधुकर मिरजेला जाऊन तासाभरात परत आला. पडशीतून पाणी गळत होतं. सात बाटल्यांचा चुरा. पट्टा सैल होऊन लोंबत होता आणि सायलेन्सरच्या बाजूच्या पिशवीला तळहाताएवढं भोक जळून पडलं होतं.

"खेचरानं लाथ मारली का रं, नाथा?" हंबीरराव म्हणाला. पण या वेळी त्याच्या हसण्यात जोर नव्हता.

सतरा वर्षांत न पडलेलं ओझं कुपवाड ते मिरज एवढ्या अंतरात पडलं होतं. मधुकर घड्याळाकडं बघत होता. "बुधवार आहे आज. उद्या सकाळी मला ठरवावं लागेल."

"सायेब, घटकाभर बसा. न्हाई, हितं न्हाई. गाडीवर बसा. हंबीर, तू हँडल धर. आता सायेब, नुस्तं वरखाली व्हा."

"म्हणजे?"

"घोड्यावर बसल्यागत. व्हा की!"

शिकलासवरला मधुकर भर दुपारी कारखान्याच्या फाटकात उभ्या गाडीवर वरखाली होऊ लागला. जेवणाच्या सुट्टीतले कामगार जमले. कुणी म्हणालं, "वरात कवा हाय?" नाथाजी जमिनीवर पालथा पडून गाडीकडं खालून बघत होता. ज्ञानूकडून घेतलेला खडू त्याच्या हातात होता. गाडीचा जो जो भाग सीटबरोबर वरखाली होत नव्हता, त्यावर तो फुली मारत गेला. चाकावर फुली. चाकाच्या दांड्यावर फुली. शॉकॲब्सॉर्बरच्या खालच्या टोकावर फुली. वरच्या टोकाशी आला आणि थांबला. ते सीटबरोबरच हलत होतं.

तो उठून बसला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आरं, मी पायाला वझं बांधलं!"

"कुनाच्या पायाला?" हंबीरराव म्हणाला.

"हिच्या! ही फुल्या मारल्याली समदी हिचं पाय हायती. खड्डा आला की पाय वर जातोय, पाठ हाय तिथंच ऱ्हातीया. मी एक टोक पाठीवर टाकलं आन् दुसरं पायाला बांधलं. दर खड्ड्याला पट्टा ढिला, मग ताठ, मग ढिला. खेचराच्या पायाला वझं बांधणारा मानूस आमच्या कंपनीत असता, तर सुभेदारानं त्यालाच खेचराच्या जागी उभा केला असता!"

मधुकर वरखाली होता होता थबकला. सस्पेन्शनचं चित्र त्यानं पुस्तकात पाहिलं होतं. फुल्या मारून कुणी दाखवलं नव्हतं.

मग कामाला वेग आला. गाडीच्या एका बाजूला मागं बसणाऱ्या बाईची साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी होती, त्यामुळं त्या बाजूची पिशवी चाकापासून दूर राहायची. सायलेन्सरच्या बाजूला काहीच नव्हतं. ज्ञानूनं एक सळई तापवून दाराच्या चौकटीसारखी वाकवली आणि शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या बोल्टला आणि सीटखालच्या चौकटीला पक्की केली. आता पिशवी त्या सळईला टेकायची. चाक आत, सायलेन्सर खाली, मधे चार बोटं हवा. पट्टे चार झाले. चारही पाठीला, एकही पायाला नाही. शिल्लक राहिलेली टोकं नाथाजीनं गुंडाळून शिवून टाकली. "लोंबती दोरी म्हंजी चाकाला दिल्यालं आमंत्रण," तो म्हणाला.

संध्याकाळी घरी साळूबाई जळकं भोक घोंगडीच्या तुकड्यानं बुजवत होती. तिनं विचारलं, "आवं, पट्टा ढिला झाला त्येचं कळलं. पन बाटल्या एकमेकीवर आपटल्या त्येचं काय?"

"खाली भुसा घातलाता की."

"कासाराला बगितलंया का कवा? बांगड्यांची माळ घट वळतोय, वरनं फडकं आवळतोय. एक बांगडी हलत न्हाई, म्हनून एक फुटत न्हाई. तुमी बाटल्या मोकळ्या सोडल्या आन् वरनं पट्टं आवळत बसला."

सतरा वर्षांच्या नोकरीनं हे ऐकून घेतलं. मग साळूबाईनं दोन्ही पिशव्यांत आतून पंधरा पंधरा कप्पे शिवले, घोंगडीचे, बाटली दाबून बसवावी लागेल इतके तंग. बेताचा बर्फ फोडून भुशात घालून दोन्हीकडं सारखा भरायचा, हे नाथाजीनं ठरवलं. बर्फ वितळला तरी दोन्हीकडून सारखा वितळेल; एकीकडंच ठेवला तर अर्ध्या वाटेत पारडं फिरेल.

गुरुवारी सकाळी लस भरली. मधुकर चालवणार, नाथाजी मागं बसणार. पडशीबरोबर माणूस हवा, हा खेचर कंपनीचा नियम त्यानं सोडला नाही. हंबीररावानं रजा टाकली होती आणि आदल्या संध्याकाळीच तो गावी गेला होता.

फाटक सोडून मैलभर गेले असतील, तोच मागून आवाज आला, "थांबवा!"

"काय झालं? फुटली?"

"काय न्हाई. तंग आवळायचाय."

"अहो, आत्ताच तर बांधला. दगडासारखा होता!"

"खेचर लय बेरकी असतंय, सायेब. तंग आवळताना पोट फुगवून उभं ऱ्हातंय. मैलभर चाललं की श्वास सोडतंय, आन् तंग ढिला. म्हनून पयल्या मैलाला थांबायचंच."

"ही मोटारसायकल आहे, नाथाजीराव."

नाथाजीनं खाली उतरून पट्ट्यात बोटं घातली. दोन बोटं सहज शिरली. मधुकरनं स्वतः घालून पाहिली. मग नाथाजीनं चारही पट्टे पुन्हा आवळले.

पुढं डांबर संपलं. खडी आली, खडी सरून फुफाटा आला. बोरमळ्याच्या अलीकडं कोरडा ओढा आहे, त्यात उतरताना राजदूत दोनदा उडाली. मधुकरनं हँडल घट्ट धरलं. नाथाजी डोळे मिटून, मान वाकवून काचेचा आवाज ऐकत होता. चेनचा आवाज येत होता, खड्यांचा येत होता. काचेचा येत नव्हता.

गावात लिंबाखाली जनावरं लावून ठेवली होती. सगळं गाव भोवती. नाथाजीनं पट्टे सोडले, पडशी उचलली आणि घोंगडीवर ठेवली. मग एकेक बाटली कप्प्यातून ओढून काढू लागला. ओल्या, गार. मधुकर मोठ्यानं मोजत होता. पंधरा झाल्या. दुसरी पिशवी. चोवीस, पंचवीस. पोरं बाया सगळी बरोबर मोजू लागली. एकोणतीस. तिसावी बाटली नाथाजीनं उन्हात धरून तिरपी केली, तिच्यातलं औषध हललं आणि सगळ्या लिंबाखाली एकच गलका झाला.

पहिली सुई हंबीररावाच्या नव्या बैलाला. बैल तरणा, सुई बघून बिथरला, दोघांना आवरेना. हंबीरराव कासरा धरून घामाघूम झाला होता. तो गर्दीकडं वळून ओरडला, "नाथा! गड्या, ये की फुडं! ह्येचं शेपूट धर. हितं तुज्यासारखं धरनारं कुनी न्हाई."

गाव हसलं. नाथाजीही हसला, आणि त्या रात्री दोन भाकरी जास्त जेवला. त्यानं शेपूट कसं धरलं कोण जाणे, बैल गाईसारखा उभा राहिला.

दोन दिवसांत आसपासच्या गावांतली सहाशे जनावरं टोचून झाली. त्या पावसाळ्यात बोरमळ्यात घटसर्पानं एकही गोठा रिकामा झाला नाही. आणि कुपवाडच्या फाटकावर नवीन माणसं येऊ लागली. इस्लामपूरचा एक कापडवाला आला, साताऱ्याहून चष्मे विकणारा आला, काचेच्या बरण्यांतून लोणची नेणारा एक आला. ज्ञानू आता माप न घेता सळई वाकवतो, साळूबाई गिऱ्हाईकाचा माल बघून कप्पे ठरवते. आणि नाथाजी प्रत्येक नव्या माणसाला गाडीवर बसवून भर रस्त्यात वरखाली व्हायला लावतो. हंबीरराव हँडल धरतो आणि सांगतो, "लाजू नगासा. ह्यो मानूस लष्करात हुता."

एवढं सगळं जमलं, पण एक गोष्ट नाथाजीच्या मनातून जात नाही. मधुकरनं त्याला समजावलं, कापड ताणतं, गाठ बसते, भुसा दबतो, म्हणून पट्टा सैल होतो. नाथाजीनं मान हलवली. पण तीच पडशी, तेच पट्टे, दाबून बसलेला तोच भुसा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळून निघालं, तरी पहिल्या मैलाला दोन बोटं शिरतातच. खेचराचं तो समजू शकतो. फाटकात कुणी शिकलेला माणूस गाडी घेऊन थांबला की नाथाजी आधी त्याला आत बोलावतो, चहा देतो, आणि मग राजदूतच्या टाकीवर हळूच हात ठेवून विचारतो, "सायेब, खेचराला पोट असतंय. मग ही कशानं फुगती?"