गोंदिया ते देवरी

दोन वर्षं मी ब्रह्मदेशात महारोग्यांच्या दवाखान्यात बिनपगारी नर्स होते. लोक तिथले किस्से विचारतात. पण डोकं तापवणारे किस्से साचले ते परत येताना, गोंदियाहून देवरीला माझ्या घरी जाणाऱ्या एका मोटारीत.

*

कंडक्टरनं माझ्या पेटीवरची जहाजाची चिठ्ठी पाहिली. "फॉरेन का माल? खोलके दिखाओ." मी उघडली. दोन लुगडी, पुस्तकं, बँडेजची गुंडाळी. "बस, इतनाही?" मी त्याला फसवल्यासारखं तोंड केलं मेल्यानं.

*

शेजारी आमगावचे एक गुरुजी बसले होते. "पगार किती होता?"

"नव्हता."

"मंग कायले गेली होतीस वो बाई? आपल्या इकडं रोगी कमी हायेत का?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून जास्त झोंबला. रोगी कसले, तेही मग त्यांनी विचारलं. मी सांगितलं. गुरुजी धोतर आवरून उठले आणि आमगावपर्यंत उभे राहिले. आख्खा बाक मला एकटीला!

*

आमगावात मोटार तासभर उभी. मालगुजारी खालसा झाली होती, पण याच मोटारीनं जायचे होते ते जुने मालगुजार, गावचे जमीनदार, वाड्यात जेवत होते. उन्हात लेकरं रडत होती. शेवटी मीच त्यांच्या ओसरीवर गेले. म्हटलं, "मोटार उभी आहे."

ते हात धूत म्हणाले, "उभीच राहते ते."

*

पुढं जंगलात एका म्हातारीनं हात दाखवला. बोटं झडलेली. तिला देवरीच्या दवाखान्यात जायचं होतं. कंडक्टरनं पायरीवरूनच तिला ढकललं.

मी म्हटलं, "दोन वर्षं मी यांच्यातच राहिले. मग मलाही उतरवा."

"तो तुमभी उतरो," तो म्हणाला.

मी उतरले. मोटार माझी पेटी घेऊन निघून गेली.

"तू काऊन उतरलीस, माय?" म्हातारी माझ्यावरच चिडली. "तुहं सामान गेलं ना."

आम्ही चालत निघालो. कोसभरानं मागून एक बैलगाडी आली. गाडीवानानं तिचे हात पाहिले, गाडीतला तणसाचा पेंढा सारून जागा केली आणि म्हणाला, "बसा."

तिला दवाखान्यात पोचवून दिवेलागणीला मी घरी आले. पेटी आधीच आली होती, अंगणात ठेवलेली. बाबा दारात उभे होते.

"पेटी आली, तू कुठं राहिलीस?"

मी सगळं सांगितलं. म्हातारीला हात धरून गाडीत चढवलं, तेही. मग बाबा आत वळून आईला म्हणाले, "पोरीले पाणी दे."

आई तांब्या घेऊन आली. मी हात पुढं केला. तिनं तांब्या उंच धरला आणि माझ्या ओंजळीत वरून धार सोडली.