शेप्याच्या कोया

बारा मे. आज आंब्याची आढी लावायची आहे. मागच्या खोलीत गवत अंथरलं, त्यावर आंब्यांचा एक थर, पुन्हा गवत, वरून गोणपाट. हे काम मी दर वर्षी करते आणि तासाभरात उरकते. आंबे बाजारातले, त्यांना नाव नाही. पण गवताचा वास आला की गंगव्वा आठवते, आणि ती आठवली की काम रेंगाळतं. म्हणून एकदाच लिहून मोकळी होते.

गंगव्वा माणसाला आंबे द्यायची आणि कोया परत मागायची. उदगीरला आमच्या शेजारी ती राहत होती. आमचं लग्न होऊन मी तिथं आले, त्या पहिल्याच उन्हाळ्यात तिनं भिंतीवरून पाटीभर आंबे दिले आणि बजावलं, "खावा. पण कोया टाकायच्या न्हाईत. मला आणून द्यायच्या." मला वाटलं, बी म्हणून हव्या असतील. धुऊन, पुसून नेऊन दिल्या. तिनं एकेक कोय हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, "तुला गोट्या आवडला. खोबऱ्या आवडला न्हाई. अर्धाच चोखलायस." मग माझ्याकडं पाहून हसली, "तोंडानं समदेच ग्वाड म्हणत्यात गं. कोय खोटं बोलत न्हाई."

त्यांच्या घरामागच्या वावरात बांधावर चार गावरान झाडं होती. गोट्या, खोबऱ्या, काळ्या आणि शेप्या. पहिल्या तिघांचे आंबे गंगव्वाचे यजमान, आप्पा, बाजारात घालायचे. शेप्या कुणी घेत नसे. त्याला शेपूच्या भाजीचा वास. रस पातळ, धागे फार आणि कोय एवढी मोठी की गर शोधावा लागे. कापून खायचा तो आंबाच नव्हे. दोन्ही तळव्यांत मळायचा, देठाजवळ तोडायचा, पहिला चीक पिळून टाकायचा आणि चोखायचा. उदगीरच्या बाजारात लोक तो नाकाशी नेत आणि परत ठेवत. त्यामुळं त्या झाडाचा हिशेब आप्पा ठेवत नसत. ते झाड गंगव्वाचं होतं, आणि तिच्या मुलीचं.

मुलगी महादेवी. नांदेडला मावशीकडं राहून कॉलेजात शिकत होती. तिथंच प्रकाश भेटला. तो बौद्ध, ही लिंगायत. दोघांनी लग्न केलं आणि त्या दिवसापासून आप्पांच्या घरात महादेवीचं नाव घ्यायचं बंद झालं. तिचा फोटो उतरला. गंगव्वानं वाद घातला नाही. ती नावच घ्यायची नाही, 'तिकडं' म्हणायची. "तिकडं काय म्हणत्यात?" एवढंच.

'तिकडं' म्हणजे लातूर. नवा जिल्हा झाला, कलेक्टर कचेरी निघाली, भरती झाली. त्यात प्रकाश लागला आणि मीही लागले. एकाच कचेरीत. सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं मी लातूरला जायची, आठवडाभर तिथं खोलीवर राहायची आणि शनिवारी परत यायची. ही गोष्ट गंगव्वाच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. एका रविवारी संध्याकाळी तिनं भिंतीवरून पिशवी दिली. आत शेप्याचे आंबे, हिरवेगार, दगडासारखे.

"काय गं हपिसरीन, एवढं तिकडं देशील?"

"अव्वा, कच्चे आहेत हे. आढीतले पिकलेले द्या की. लगेच खाईल."

"म्हणूनच न्हाई देत. पिकलेलं दिलं तर खाईल अन् झालं. कच्चं दिलं तर चार दिवस घरात ऱ्हाईल. रोज उलटंल, वास घेईल." मग पदर सावरत म्हणाली, "जिल्हा लातूरला केला ते बरं झालं. उस्मानाबादेला असतीस तर वाटंतच पिकले असते."

अशी माझी ने-आण सुरू झाली. प्रत्येक फळाची तिची रीत ठरलेली होती. सीताफळ द्यायची ते डोळे पांढुरके होऊन उघडू लागले की, त्याआधी नाही, कारण आधी तोडलेलं पिकत नाही, काळं पडतं. कवठ देण्याआधी ते माझ्यासमोर हातभर उंचीवरून जमिनीवर सोडायची. चेंडूसारखं उडालं तर कच्चं. ते माझ्या पिशवीत जायचं. बद्दकन बसलं तर पिकलेलं. त्याची चटणी घरी. बोरं मात्र पिकलेलीच पाठवायची. "बोराला धीर नसतो, त्याला काय करावं," म्हणायची. पिशवीत चिठ्ठी नसायची. तिला लिहिता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी काय लिहिलं असतं मला माहीत नाही.

महादेवीची सासू कौसाबाई मोठी बोलकी. मी पिशवी घेऊन दारात दिसले की आतूनच ओरडायची, "आल्या बघा, माहेर पिशवीत घालून आल्या! तुमच्या अव्वाला सांगा, आंब्याला शेपू कुठनं चोळता? समदी गल्ली इचारायली, रोज भाजी करता का म्हणून." महादेवी आंबे कोनाड्यात ओळीनं मांडायची. खाल्ल्यावर कोया धुवायची, वाळवायची आणि त्याच पिशवीत घालून मला द्यायची. त्या पांढऱ्याफेक असायच्या, धाग्यांत रसाचा अंश नाही. गंगव्वा त्या हातात घेऊन अंगठा फिरवायची आणि भिंतीवर ओळीनं वाळत ठेवायची. आप्पा त्या भिंतीजवळून दिवसातून दहा वेळा जायचे. त्यांनी कधी विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात महादेवीनं पहिल्यांदा तोंडानं काही मागितलं. "ताई, गाभुळलेल्या चिंचा असतील का, विचारा." मी येऊन तसंच सांगितलं. गाभुळलेली चिंच म्हणजे धड कच्ची नाही, धड पिकली नाही, टरफल सुटू लागलेली. गंगव्वा ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मागितली?"

"हो."

"तिनं? तोंडानं?"

"हो, अव्वा."

"यव्वा," म्हणाली. उठली, पदरभर चिंचा घेऊन आली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्यांना सांग, पपई देऊ नका म्हणावं. अजिबात न्हाई. अन् तू सांगितलंस म्हणून सांग, माझं नाव न्हाई घ्यायचं." मी कौसाबाईला सांगितलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी काय लेकरं न्हाई काढली? तिला सांगा, पपई ह्या घराच्या उंबऱ्यात येणार न्हाई."

पावसाळ्यात महादेवीला मुलगा झाला. पाऊस मात्र त्या वर्षी झाला नाही. नुसते ढग येऊन गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी शेप्याच्या कोया घेऊन आले, तेव्हा गंगव्वा भिंतीशी उभी होती. एकेक कोय बघता बघता एकीवर तिचा अंगठा थांबला. तिनं ती उन्हाकडं धरली. कोयीच्या टोकाला दोन बारीक खुणा होत्या, जवळजवळ, तांदळाएवढ्या.

"ह्ये कुणाचं?"

मी पाहिलं. मला आधी कळलं नाही.

"दात आलेत त्याला," ती म्हणाली. "खालचे दोन."

ती कोय भिंतीवर गेली नाही. ती तिनं कनवटीला लावली.

दुसऱ्या वर्षीही पाऊस गेला. विहिरीत दगड दिसू लागले. नगरपालिकेचा टँकर दिवसाआड यायचा. रांगेत बायकांची भांडणं, हंड्याला हंडा. गंगव्वा भांडी धुतलेलं, अंघोळीचं, तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवायची आणि शेप्याच्या बुंध्याशी नेऊन ओतायची. एवढ्या मोठ्या झाडाला बादलीभर पाण्यानं काय होतं, मी म्हणाले. ती म्हणाली, "त्याला कळतं की, कुणीतरी येऊन राहिलंय." खोबऱ्या त्या वर्षी मोहरलाच नाही. काळ्याची फळं सुपारीएवढी असतानाच गळाली. शेप्याला थोडे आंबे धरले. अगदी थोडे, टोपलीभरही नाहीत.

मे महिन्यात एका रविवारी सकाळी ती माझ्याकडं आली नाही. भिंतीवरूनच मोठ्यानं बोलली, आप्पा अंगणात बसलेले असताना. "हपिसरीन, उद्या माझं तिकीट काढ. ह्या सालचे आंबे मी नेते."

आप्पांनी मान वर केली. "कुठं?"

"लातूरला. पोरीकडं." चार वर्षांत मी तिच्या तोंडून 'पोरगी' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. "नातू आता धरून चोखत आसंल. मला बघायचंय."

"गेलीस तर परत यायचं न्हाई."

"बरं," ती म्हणाली. "म्हशीचं पाणी तेवढं बघा."

मी घरात गेले, कारण मला हसू आलं होतं आणि ते त्या वेळी बरं दिसलं नसतं. गंगव्वा त्याच दुपारी आंबे उतरवायला वावरात गेली. ऊन रणरणत होतं. गडी नव्हता, स्वतःच खुडी, आंबे झेलायची जाळीची काठी, घेऊन उभी राहिली. एकही आंबा खाली पडू दिला नाही. आपटलेला आंबा आतून सडतो, हे तिनंच मला शिकवलं होतं. संध्याकाळी तिला ताप चढला. डोळे लाल, अंग भट्टीसारखं. मी कांद्याचा रस चोळला, पन्हं पाजलं, डॉक्टरांना आणलं. ऊन लागलंय, दोन दिवस उठू देऊ नका, म्हणाले. पहाटे मी निघताना तिच्या उशाशी टोपली होती. मी म्हटलं, "आंबे मी नेते, अव्वा." तिनं टोपलीवर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे. मीच नेते. पुढल्या सोमवारी."

लातूरच्या स्टँडवर महादेवी मुलाला घेऊन आली होती. तिला मीच रविवारी दुपारच्या एस.टी.च्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला होता, अव्वा येतेय म्हणून. मी एकटीच उतरलेली पाहून तिचा चेहरा पडला. मी सांगितलं, थोडा ताप आहे, पुढच्या सोमवारी नक्की. ती म्हणाली, "तापात येऊ नको म्हणावं." मग मुलाला म्हणाली, "आज्जी पुढल्या सोमवारी."

गंगव्वा शुक्रवारी गेली. शनिवारी मी उदगीरला उतरले तेव्हा तिला पुरूनही झालं होतं. त्यांच्यात बसवून पुरतात. आप्पांनी गल्लीत बजावलं होतं, तिकडं कुणी कळवायचं नाही. मी त्यांच्या दारात गेले. ते म्हशीला पाणी दाखवत होते. मी परत फिरले.

सोमवारी पहाटे स्टँडवर एस.टी.त बसले. गाडी सुटायच्या बेतात होती, तेवढ्यात खिडकीखाली आप्पा दिसले. धोतर, डोक्याला टॉवेल, खांद्यावर टोपली. त्यांनी ती खिडकीतून माझ्या मांडीवर ढकलली.

"शेप्या हितं कोणी खात न्हाई," म्हणाले आणि वळले.

वाटेत सगळी गाडी दरवळली. कंडक्टर म्हणाला, "कोण भाजी घिऊन बसलंय वं, शेपूची?" दोन-चार माणसं हसली. मी टोपलीवर पदर ओढला. गंगव्वानं कसं सांगितलं असतं, मी काय सांगू, एवढाच विचार चालला होता. वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते.

महादेवी स्टँडवर उभी होती. नवं लुगडं नेसलेली. मुलाच्या अंगात इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. मी खाली उतरले. तिनं माझ्या मागं गाडीच्या दाराकडं पाहिलं. आणखी माणसं उतरली. मग दार रिकामं झालं.

"आली न्हाई?" ती म्हणाली. "ताप गेला न्हाई का?"

मी तोंड उघडायच्या आत तिनं सवयीनं टोपली माझ्या हातून घेतली आणि आत हात घातला. तो हात तिथंच राहिला. आंबे पिवळे झाले होते, मऊ, देठाशी सुरकुतलेले. आठवडाभर अंधाऱ्या खोलीत, गंगव्वाच्या उशाशी, ते आपले आपण पिकले होते.

"ताई," ती म्हणाली, "अव्वा पिकलेले पाठवीत न्हाई."

मला सांगावं लागलंच नाही. ती तिथंच फलाटावर खाली बसली, टोपली मांडीवर घेऊन. मूल तिच्या खांद्याला धरून उभं राहिलं आणि आंब्याकडं बोट दाखवू लागलं.

घरी कौसाबाईनं तिला भिंतीला टेकवून बसवलं. दोन तास झाले तरी तिच्या डोळ्यांत पाणी नाही. शेवटी कौसाबाईनं एक आंबा घेतला, तळव्यांत मळला, चीक पिळून टाकला आणि तिच्या हातात दिला. "पिकलेलं ठिवता येत न्हाई, माय. उद्या नासंल. तिनं सोताच्या हातानं उतरवलेलं हाय. खा." महादेवीनं तो तोंडाला लावला आणि तेव्हा रडली. आंबा सोडला नाही, रडत रडत चोखत राहिली. तिच्या मांडीवर बसून मुलानंही एक घेतला आणि दोन्ही हातांनी धरून कोपरापर्यंत रस ओघळवत खाल्ला. आम्ही सगळ्यांनी खाल्ले. दुपारपर्यंत टोपली संपली.

मी निघाले तेव्हा महादेवीनं कोया धुऊन त्याच टोपलीत घातल्या होत्या. वाळवायला वेळ नव्हता. मी विचारलं, "येतेस का माझ्याबरोबर? मी आहे." तिनं मान हलवली. "ती येणार होती," म्हणाली. "मी कुणाकडं येऊ?"

कचेरीत रजेचा अर्ज टाकला आणि संध्याकाळच्या गाडीनं परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुरपं घेऊन त्यांच्या स्मशानात गेले. गंगव्वाची माती अजून सैल होती. आजूबाजूची जमीन दगडासारखी, भेगाळलेली. तिच्या उजव्या हाताला असेल अशा अंदाजानं उकरलं आणि कोया एकेक करून ठेवल्या. त्यांतली एक टोकाशी चावलेली होती. वरचे, खालचे, चांगले भरपूर दात. ती मी तिच्या बाजूला तोंड करून ठेवली. त्या उगवतील म्हणून नव्हे. पाणी कुठलं होतं. तिच्या कोया तिला परत द्यायच्या होत्या. माती ओढली, हातानं थापली. टँकरची वेळ झाली होती. घरी येऊन हंडा उचलला आणि रांगेत जाऊन उभी राहिले.