किलोभर खडे मीठ

कांचघर मोहल्ल्यातल्या किराणा दुकानात ती तरुण मुलगी दर सोमवारी किलोभर खडे मीठ घ्यायची, तेही आधी मूठभर तळहातावर पसरून, नीट पारखून. चौकशीची खोड मला जुनीच. लोणच्याचा धंदा आहे का, असं एकदा विचारलंच.

“नाही काका. प्रयोगशाळेत समुद्रकाठचा गाळ ठेवलाय. त्यातले जीवाणू कारखान्यांचं क्लोरीनवालं विष फोडतात. पण त्यांना पाणी खारंच लागतं.”

“मग समुद्राकाठी जा ना बेटा. जबलपुरात काहून करून राहिली?”

“इथली घाणही नर्मदेतून समुद्रातच जाते ना, काका?”

 मी हळूच विचारलं, “जगतात का ते जीवाणू इथे?”

“दोनदा सगळे मेले,” ती म्हणाली आणि दुकानदाराकडे वळली, “भैया, इस बार दो किलो देना.”